ताणलेला दोर सोडायचा कसा?

सावद्याहून समुद्र तीनशे किलोमीटरच्याही पलीकडे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधे जिकडे बघावं तिकडे केळी. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावरच्या या गावात बसून कुणी शिडाच्या बोटीवरच्या खुंट्या, कप्प्या नि विंचांबद्दल लिहायला घेतलं, तर 'याला ऊन लागलं' असंच चार लोक म्हणतील. म्हणोत. शिडाच्या जहाजाचं आणि केळीचं नातं वाटतं तितकं लांबचं नाही, आणि ते दोराचं नातं आहे.

फिलिपिन्समध्ये अबाका नावाचं झाड आहे. शास्त्रीय नाव मूसा टेक्स्टिलिस. लांबून पाहिलं तर रावेर तालुक्यातला कुठलाही शेतकरी त्याला केळच म्हणेल, कारण ते केळीच्याच कुळातलं आहे. फळ मात्र बारकं, बियांनी भरलेलं, खाण्याच्या कामाचं नाही. त्याची किंमत सगळी सोपटात. खोडाभोवती एकावर एक बसलेली जी सोपटं आपण घड उतरला की बांधावर नाहीतर खड्ड्यात टाकतो, त्याच सोपटांतून अबाकाचा दोन-तीन मीटर लांबीचा धागा निघतो. हा धागा खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. युरोपातली जहाजं त्याआधी भांगेच्या झाडाच्या धाग्याचे दोर वापरत. ते डांबरात बुडवल्याशिवाय टिकत नसत, आणि डांबर लागलेला दोर जड, चिकट, हात काळे करणारा. १८२० च्या सुमारास अमेरिकन नौदलातल्या एका अधिकाऱ्यानं अबाकाचा नमुना मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदरात नेला आणि पुढच्या काही वर्षांत मनिला बंदरातून येणाऱ्या या धाग्यानं दोरखंडांचा बाजारच बदलून टाकला. एकोणिसाव्या शतकात चहा, लोकर आणि गहू घेऊन जगभर पळणाऱ्या मोठमोठ्या शिडाच्या जहाजांवर हा मनिला दोर पोचला होता. म्हणजे केळीच्या एका बहिणीच्या सोपटावर ती शिडं उभी होती. सावद्याच्या केळीच्या खोडातूनही यंत्रानं धागा काढतात, पण तो अबाकाइतका दमदार नसतो. त्याचा कागद होतो, चटया होतात, पिशव्या होतात.

दोराची गोष्ट इथवर बऱ्याच लोकांना सांगता येते. मला रस आहे तो दोराच्या दुसऱ्या टोकात. दोर ओढला, शीड चढलं, वारा भरला. आता हातातलं टोक कुठे अडकवायचं? आणि त्याहून महत्त्वाचं, वारा वाढला तर ते सोडायचं कसं?

शिडाच्या बोटीवर दोरांचे दोन वर्ग असतात. डोलकाठीला चहूबाजूंनी ताणून उभी धरणाऱ्या तारा जागच्या हलत नाहीत. बाकीचे दोर सतत कामाला जुंपलेले. त्यांतला हॅलियार्ड म्हणजे शीड वर चढवणारा दोर: शिडाच्या वरच्या टोकाला बांधलेला, डोलकाठीच्या शेंड्यावरच्या कप्पीवरून फिरून पुन्हा खाली येणारा. शीट म्हणजे शीड नव्हे. शिडाचा मोकळा कोपरा आत-बाहेर ओढणारा दोर. याखेरीज शीड लहान करणारे दोर, पुढचं शीड गुंडाळणारा दोर, आडव्या दांड्याला खाली दाबून धरणारा दोर. मोठ्या यॉटवर असे डझन-दीड डझन दोर सहज असतात आणि प्रत्येकाला धरायला काहीतरी लागतं.

आपल्याकडच्या मोटेशी ताडून पाहिलं तर अडचण नेमकी कळते. विजेचे पंप येण्याआधी खानदेशातली बागायत मोटेवर होती. मोटेला दोनच दोर: जाड नाडा चाकावरून जाऊन बैलांच्या जुवाला, आणि बारीक सोंदूर कण्यावरून मोटेच्या सोंडेला. बैल धावेवरून उतरायला लागले की मोटकरी नाड्यावर बसून आपलं वजन घालायचा, थारोळ्यात पाणी पडायचं, बैल उलट्या पावली वर. या सगळ्या व्यवस्थेत खुंटी कुठेच नव्हती, कारण दोर धरून ठेवायचं काम बैल करत होते आणि सोडायचं कामही तेच. मागे सरकले की नाडा सैल. बोटीवर बैल नाहीत. चार-चार तास, कधी चार-चार दिवस दोर ताणलेला ठेवायचा, तोही दुसरं काम करत, जेवत, झोपत. म्हणून तिथे धातूला बैलांचं काम शिकवावं लागलं. धरायचं काम तो लवकर शिकला. मागे सरकायचं शिकायला फार वेळ लागला.

भार किती, हे एकदा आकड्यात बघावं. २० नॉटचा वारा, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर, एका चौरस मीटरवर सुमारे साडेसहा किलोचा दाब देतो. ५० चौरस मीटरचं शीड असेल तर सव्वातीनशे किलो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ४० नॉटला तेच शीड तेराशे किलोंवर जातं. खानदेशात मे-जूनच्या वावटळीत उभी बाग आडवी होते त्यामागेही हाच वर्गाचा नियम. केळीच्या पानाच्या शिरांना समांतर चिरफळ्या होतात तेव्हा शेतकरी हळहळतो खरा, पण पान फाटल्यानं वाऱ्याची पकड कमी होते. पंचवीस-तीस किलोचा घड डोक्यावर घेऊन उथळ मुळांवर उभं असलेलं झाड पान अखंड राहिलं असतं तर आणखी आधी पडलं असतं.

खूप जुनी आणि आजही बहुतेक बोटींवर सापडणारी चीज म्हणजे दोन शिंगांची खुंटी. इंग्रजीत क्लीट. दोन पायांवर बसलेला आडवा दांडा, दोन्ही टोकं बाहेर निमुळती. बांधायची पद्धत ठरलेली आहे आणि ती मुंबईच्या कुठल्याही सेलिंग क्लबात पहिल्याच दिवशी शिकवतात. दोर आधी लांबच्या शिंगाखालून घ्यायचा, बुडाभोवती एक पूर्ण वेढा द्यायचा, मग दोन्ही शिंगांवरून तिरके आठाच्या आकड्यासारखे फेर. शेवटी पाहिजे तर टोक उलटं करून आपल्याच खाली अडकवायचं. या 'पाहिजे तर'वर खलाशांची भांडणं होतात. धक्क्याला बोट बांधताना शेवटची अढी घालायला कुणाची हरकत नसते. पण शीटच्या दोराला, जो क्षणात मोकळा करावा लागेल, त्याला अढी घातली तर जुने लोक ओरडतात. भार आला की ती अढी आवळते आणि ओल्या दोरात बोटं शिरत नाहीत.

खुंटी बसवण्यातही हाच विचार आहे. ती दोराच्या ओढीच्या रेषेत सरळ बसवत नाहीत, दहा-पंधरा अंश तिरपी ठेवतात. सरळ बसवली तर पहिलाच फेर पुढच्या दोरावर चढून दाबला जातो आणि सुटत नाही. लांबीचाही ठोकताळा आहे: दोराच्या जाडीच्या साधारण सोळापट. ८ मिलिमीटरच्या दोराला पाच इंची खुंटी. लहान घेतली तर फेर बसतच नाहीत. आणि खुंटीची ताकद वर दिसते त्या धातूत नसते. डेकच्या खाली, केबिनच्या छताआड, तिच्या बोल्टांना एक रुंद पट्टी दिलेली असते. ती नसेल तर खुंटी एखाद्या वादळात डेकचा तुकडा घेऊनच उपटून येते. बोट विकत घेणारा जाणकार माणूस वरच्या चकाकणाऱ्या स्टीलकडे बघत नाही, केबिनमध्ये जाऊन छताचं अस्तर उचकटून बघतो.

मोठ्या जहाजांवर खुंटीऐवजी आणखी साधी गोष्ट होती. डोलकाठीच्या बुडाशी किंवा कठड्याला भोकांची लाकडी पट्टी आणि त्या भोकांत मुसळासारखे खाली-वर बाहेर आलेले दांडके. दोर दांडक्याभोवती आठाच्या फेरानं गुंडाळायचा. सोडायचा झाला तर फेर उलगडायचे, आणि जीवावर बेतली तर दांडकाच उपसून घ्यायचा. दांडका बाहेर येताच सगळे फेर एका क्षणात मोकळे. मला हे उपकरण फार आवडतं. ज्यानं ते पहिल्यांदा केलं त्यानं सोडण्याचा विचार बांधण्याच्या आधी केला होता.

कोकणच्या गलबतांवर आणि अरबी समुद्रातल्या इतर तिरक्या शिडाच्या जहाजांवर आणखी एक हिशेबी युक्ती होती. जड परबाण, म्हणजे शीड बांधलेला लांब दांडा, वर चढवणारा दोर डोलकाठीच्या पुढे नाही तर मागे, जहाजाच्या मागच्या भागात आणून बांधत. त्यामुळे तोच दोर डोलकाठीला मागून ताणही देई. एकाच दोरात दोन कामं. पण याचा अर्थ असाही की तो दोर अवेळी सुटला तर शीड तर पडेलच, डोलकाठीचा आधारही जाईल. त्या खुंट्याजवळ बसवलेला माणूस सगळ्यांत भरवशाचा असावा लागे.

सावद्यात केळीचा ट्रक ताडपत्री टाकून आवळताना उभं राहून बघावं. दोर बाजूच्या आकड्यातून घेतात, मधेच एक फास तयार करतात, टोक त्या फासातून ओवून सगळ्या अंगानं खाली लटकतात. फास कप्पीचं काम करतो आणि ओढ वाढते. शेवटची गाठ मात्र अशी की दिल्लीला पोचल्यावर टोक झटकलं की उकलावी. ज्या हमालाची गाठ उतरवताना कापावी लागते त्याला ड्रायव्हर पुढच्या खेपेला दोराला हात लावू देत नाहीत.

आता जरा समुद्राकडे. एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारी जगातली पहिली बोट मुंबईत बांधलेली आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तिचं नाव सुहैली. तिच्यावरून ही प्रदक्षिणा घालणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ती बांधली तेव्हा व्यापारी जहाजांवर अधिकारी होते. कुलाब्यात, भारतीय सुतारांच्या हातून, सागवानात ही ३२ फुटी बोट तयार झाली आणि १९६४ च्या डिसेंबरात पाण्यात उतरली. आराखडा अमेरिकन विल्यम ॲटकिनचा, तोही तेव्हाच चाळीस वर्षांचा जुना. १४ जून १९६८ ला फाल्मथहून निघालेले नॉक्स-जॉन्स्टन २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी, परत आले. गोल्डन ग्लोब नावाच्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोचले एकटे तेच.

भारतीय माणसानं एकट्यानं प्रदक्षिणा घालावी हा ध्यास घेतला व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात आयएनएस कामोर्ताचे कप्तान, वीरचक्राचे मानकरी, पुढे पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर राहिले ते फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे आमच्यासारख्याच कोरड्या मुलखात. त्यांच्या हाकेला कमांडर दिलीप दोंदे यांनी हो म्हटलं. दोंदे आधी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडेच उमेदवारीला गेले. वेलक्स फाइव्ह ओशन्स या शर्यतीच्या वेळी ते त्यांच्या किनाऱ्यावरच्या चमूत होते. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस कारखान्यानं. डच वान द स्टाट या संस्थेचा टोंगा ५६ हा आराखडा, ५६ फूट लांबी, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास, सुमारे २५ मीटर उंच डोलकाठी. नाव म्हादई. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात आली आणि ऑगस्टमध्ये दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन असे चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये परतले. त्याच बोटीवरून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांनी मुंबईला आले. मग त्याच कारखान्यातली तारिणी. तिच्यावरून २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच प्रदक्षिणा पुरी केली.

दोघीच. एक झोपली की जागी एकटीच. म्हणून या लेखाचा विषय अशा बोटीवर चैनीचा राहत नाही. ५६ फुटी बोटीचं शीड जे दोन हात चढवतात तेच उतरवतात, आणि उतरवायची वेळ कधी येते? दिवसा, ऊन असताना, चहा झाल्यावर सहसा येत नाही. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली, रात्री, वारा वीसवरून चाळीसवर गेला की येते. तेव्हा मोठं शीड एक टप्पा लहान करायचं असतं. हॅलियार्ड थोडा सैल सोडायचा, शीड काही फूट खाली घ्यायचं, पुढची कडी अडकवायची, मागचा दोर ओढून आवळायचा आणि हॅलियार्ड पुन्हा ताणायचा. सांगायला एका वाक्याचं काम. यातली पहिली पायरी, 'हॅलियार्ड थोडा सैल सोडायचा', हीच सगळ्यांत धोक्याची. शेकडो किलोंनी ताणलेला दोर थोडाच कसा सोडायचा?

याचं उत्तर विंच. उभा, कमरेत बारीक ढोल, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणारा, उलटा न फिरणारा. दोराचे तीन-चार वेढे त्याच्यावर घ्यायचे. ढोलाची दातेरी यंत्रणा ओढायला मदत करते ते वेगळं. ४० नंबरचा विंच म्हणजे घर्षण सोडलं तर चाळीसपट जोर, हँडलवर वीस किलो लावले की दोरात आठशे. पण खरी जादू वेढ्यांची. अठराव्या शतकात ऑयलरनं आणि त्यानंतर जर्मन अभियंता आयटेलवाईननं याचं गणित मांडलं. धातू आणि दोर यांचं घर्षण पाव धरलं तर एका वेढ्यानं पकड पाचपटीच्या जवळ जाते, दोन वेढ्यांनी तेवीसपट, तीन वेढ्यांनी शंभराच्या वर. पाचशे किलोंची ओढ साडेचार-पाच किलोंच्या हातानं थोपवून धरता येते. आणि हात किंचित सैल केला की दोर ढोलावरून सुरर्र करत बोटभर सरकतो, पुन्हा आवळला की थांबतो. तळवा वेढ्यांवर सपाट ठेवून हे करायचं, बोटं वेढ्यांच्या आत कधीच जाऊ द्यायची नाहीत. वेढा हा असा एकच प्रकार मला ठाऊक आहे की ज्यात बांधणं आणि सोडणं ही दोन वेगळी कामं नाहीत. हाताचा दाब कमीजास्त करायचा, बस्स.

विंचलाही एक खोड आहे. दोर चुकीच्या कोनातून आला तर वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि आवळून बसतो. मग ना ओढता येत, ना सोडता. अशा वेळी दुसरा दोर आणून ताणलेल्या दोराला वेढे देऊन एक पकडगाठ मारतात, भार दुसऱ्या विंचवर घेतात आणि पहिला मोकळा करतात. अंधारात हे करावं लागलं की लोकांच्या तोंडी देव येतो.

प्रत्येक दोराला एक विंच द्यायला कुणालाच परवडत नाही. वजन, जागा, पैसा. म्हणून गेल्या चार-पाच दशकांत क्लच आले. केबिनच्या दारापाशी, विंचच्या पुढे, एका ओळीत चार, सहा, आठ छोट्या पेट्या. प्रत्येकीतून एक दोर जातो, वर एक तरफ. तरफ खाली दाबली की आतला दातेरी पंजा दोराला तळाशी दाबून धरतो. विंचकडे ओढलं तर सरकू देतो, उलट गेला तर चावतो. एकाच विंचवर एक दोर ताणायचा, क्लच बंद करायचा, विंच मोकळा करून दुसरा दोर घ्यायचा. एकट्या माणसाला डोलकाठीपर्यंत जावंच लागत नाही. इंग्लंडातल्या काउजची स्पिनलॉक आणि इंग्लंडातलीच लुमार, इटलीची अँटल, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची हार्केन, डेन्मार्कची अँडरसन, स्वीडनची सेल्डेन ही बोटींच्या अशा सामानाच्या बाजारातली मोठी नावं. जगभरच्या बोटींवर हीच दिसतात.

क्लच पहिल्यांदा हाताळणारा एक चूक हमखास करतो: भार असतानाच तरफ उघडतो. मग आठशे किलोंनी ताणलेला दोर मोकळा सुटतो, शीड धाडकन खाली, दोराचं वरचं आवरण पंज्याच्या दातांत सोलून निघतं, आणि तो दोर हातात असेल तर तळव्याची कातडीही. बरोबर रीत अशी की आधी दोर विंचवर घ्यायचा, भार विंचवर येईतो थोडा ओढायचा, मग तरफ उघडायची, आणि मग तळवा वेढ्यांवर ठेवून हळूहळू सोडायचं. म्हणजे क्लच धरतो, पण सोडताना पुन्हा वेढ्यांनाच शरण जावं लागतं. कंपन्यांनी भाराखाली हळू सुटणारे महागडे क्लच काढले आहेत. मोठ्या शर्यतवाल्यांना ते परवडतात.

दोर बदलल्यानं क्लचची परीक्षाही बदलली. मनिलाच्या जागी नायलॉन आलं, मग पॉलिएस्टर. नंतर डच कंपनी डीएसएमनं डायनिमा काढलं. जाडीच्या मानानं अफाट बळकट, ताणानं जवळजवळ न वाढणारं आणि पाण्यावर तरंगणारं. हॅलियार्ड ताणात लांबला की शिडाचा आकार बिघडतो, म्हणून शर्यतवाले त्यावर तुटून पडले. पण डायनिमाचा धागा साबणासारखा गुळगुळीत. क्लचच्या दातांतून तो निसटतो. म्हणून आत डायनिमा आणि वर पॉलिएस्टरचं आवरण असा दोर करावा लागतो: ताकद आतल्याची, पकड वरच्याची. क्लचही दोराच्या नेमक्या जाडीचाच हवा. १२ मिलिमीटरच्या क्लचमध्ये १० मिलिमीटरचा दोर घातला तर तो रात्रभर केसाकेसानं सरकतो आणि पहाटे शीड सुरकुतलेलं दिसतं.

छोट्या बोटींचं जग मात्र वेगळं. मुंबई बंदरात शाळकरी पोरं ऑप्टिमिस्ट बोटी पळवतात, लष्कराचं यॉटिंग केंद्र कुलाब्यात आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईतच झाल्या होत्या आणि फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. अशा बोटीवर भार थोडा, पण वेळ अजिबात नाही. इथे कॅम क्लीट चालतो: स्प्रिंगवर बसलेल्या दोन दातेरी चकत्या, समोरासमोर. दोर त्यांच्यात दाबला की मागे जात नाही. वर झटका दिला की सुटतो. अर्ध्या सेकंदाचं काम. पण दोरावर माणसाच्या वजनापेक्षा जास्त भार आला की हाच झटका लागू पडत नाही. याहून साधा प्रकार म्हणजे तिरक्या खाचांची नुसती व्ही आकाराची खोबण. हलणारा भाग एकही नाही, म्हणून मोडण्यासारखंही काही नाही. मला विचाराल तर समुद्राच्या खाऱ्या हवेत ज्याला स्प्रिंग नाही ते उपकरण दुप्पट किमतीचं. मीठ शेवटी सगळ्यात शिरतं. ३१६ जातीचं स्टीलही ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत बोल्ट म्हणून घातलं तर दोन धातूंच्या जोडीत ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजत जातं.

शर्यतीच्या अनेक मोठ्या बोटींवर आता हॅलियार्ड खाली धरतच नाहीत. डोलकाठीच्या शेंड्यावरच एक कुलूप असतं. शीड वर गेलं की तिथेच अडकतं. कारण साधं आहे. कप्पीवरून खाली आलेला दोर बुडाशी ताणून धरला तर शेंड्यावर दोन्ही बाजूंची ओढ येते. दोरात एक टन असेल तर डोलकाठीवर दोन टन दाब. वरच कुलूप लावलं तर दाब निम्मा, डोलकाठी हलकी करता येते. कागदावर उत्तमच. पण ते कुलूप अडकलं तर? सुटत नाही तोवर शीड खाली येत नाही, आणि पंचवीस मीटर वर चढायचं ते हिंदकळणाऱ्या डोलकाठीवर. एकट्यानं महिनेच्या महिने समुद्रात जाणाऱ्यानं हे कुलूप लावावं असं मला तरी वाटत नाही. डोलकाठीवरचं संकट अर्थात जुन्या रीतीच्या बोटीलाही चुकत नाही. गोल्डन ग्लोबची २०१८ ची आवृत्ती सुहैलीच्या काळातल्या तंत्रानंच झाली: जीपीएस नाही, कार्बन फायबर नाही, केवलार नाही. अभिलाष टॉमी गोव्यातच बांधलेली सुहैलीची प्रतिकृती तुरीया घेऊन उतरले. सप्टेंबरात दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या मणक्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी ओसिरिस या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढच्या आवृत्तीत ते बायानात नावाची बोट घेऊन पुन्हा गेले आणि एप्रिल २०२३ मध्ये २३६ दिवसांनी दुसरे आले.

डोलकाठी मोडते तेव्हा ती निघून जात नाही. तारा आणि दोर तिला बोटीला बांधून ठेवतात आणि प्रत्येक लाटेबरोबर ती बोटीच्या बाजूला धडका देते. तेव्हा तिला तोडून टाकावं लागतं. म्हणून खोल समुद्रातल्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. एक, डोलकाठीच्या तारा तोडता येतील अशी हत्यारं. दुसरी, एक मजबूत धारदार सुरी, म्यानात, घट्ट बांधलेली, आणि डेकवरून किंवा कॉकपिटमधून हात पोचेल अशा जागी. क्लच अडकला, वेढ्यावर वेढा चढला, अढी आवळली, कुलूप उघडेना, की मग तीच. डायनिमा साध्या गुळगुळीत पात्याला लवकर दाद देत नाही, त्यामुळे आता अनेक खलाशी दातेरी पात्याची सुरी घेतात.